आपटे काकूंच्या तीन शाखा

"जा, गॅलरीत जाऊन उभी राहा. मला मोडायचंय."

आपटे काकूंच्या घरातली माझी प्रत्येक रविवारची सकाळ या वाक्याने सुरू व्हायची. मी निमूटपणे गॅलरीत जाऊन उभी राहायचे. खाली लखनौच्या अलीगंजमधली गल्ली हळूहळू जागी होत असायची. मटार आणि गोभीचा ठेला लावून भैया आरोळी देत असायचा, कुणीतरी स्कूटरच्या हँडलला जिलेबीचा पुडा अडकवून घरी निघालेलं असायचं. आतून वायर उपसल्याचा, मग की-बोर्ड बडवल्याचा आवाज यायचा. मध्येच काकूंचं एकटीचं हसू. आणि मग हाक यायची, "ये गं. बिघडलं!"

मी आत जाईपर्यंत काकू खुर्चीत रेलून, अंगठा कानाला आणि करंगळी तोंडाला लावून बसलेल्या असायच्या. म्हणजे तो फोन. आणि त्या क्षणी त्या आपटे काकू राहिलेल्या नसायच्या.

"हलो! बख्शी का तालाब ब्रांच से मैनेजर बोल रहे हैं। सुबह से सिस्टम बंद पड़ा है, बाहर पब्लिक खड़ी है, और आप लोग वहाँ ए.सी. में बैठे चाय पी रहे हैं?"

"जी... जी सर, मैं देखती हूँ।"

"देखती हूँ नहीं, कर के दीजिए! और हाँ, हमने कुछ नहीं किया है। किसी ने कुछ छुआ तक नहीं।"

इतकं बोलून काकू बोटांचा फोन ठेवून द्यायच्या आणि स्वयंपाकघरात पोहे करायला निघून जायच्या. पोहे होईपर्यंत बिघाड सापडला पाहिजे, एवढीच अट. या प्रकाराला त्यांनी 'खोडी' असं नाव दिलं होतं. खोडी कधी वायरीत असायची, कधी एखाद्या आकड्यात, कधी फायरवॉल नावाच्या राखणदार प्रोग्रामला दिलेल्या एका उलट्या हुकमात. नेटवर्क सुरक्षेच्या परीक्षेचा माझा अभ्यास असा चालला होता.

आमची ओळख गणपतीत झाली. लखनौमधली मराठी मंडळी दरवर्षी एकत्र गणपती बसवतात. तिथे बँकेतली माणसं असतात, संशोधन संस्थांमधली असतात, आणि चौक नावाच्या जुन्या बाजारातले आम्ही गलाईवालेही असतो. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा धंदा करतात. सांगलीकडच्या आमच्या गावातली निम्मी माणसं याच धंद्यापायी देशभर पांगली आहेत. आण्णा लग्नाआधीच लखनौला आले. चौकात खाली दुकान आणि भट्टी, वर आमच्या दोन खोल्या. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. त्यामुळे कॉलेजात काय विचारायचं, कुणाला विचारायचं, हेच मला कधी कळत नसे. आणि कळलं तरी विचारायला तोंड उघडत नसे.

त्या दिवशी आरतीनंतर मी मंडपाच्या कडेला बसून मोबाइलवर अभ्यासाचं पुस्तक वाचत होते. एका बाईंनी प्रसादाचा द्रोण पुढे केला आणि माझ्या खांद्यावरून सरळ स्क्रीनमध्ये डोकावल्या.

"काय वाचतेस?"

"कुछ नहीं काकू, ऐसे ही."

"ऐसे ही कसं? फायरवॉल आहे ते. समजतंय?"

मी आधी हो म्हणाले, मग नाही म्हणाले. त्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. "अच्छा. म्हणजे पाठ होतंय, समजत नाही. माझं उलटं आहे बघ. माझ्याकडे डबे आहेत, पुस्तकात लक्ष लागत नाही. रविवारी ये घरी. तू वाच, मी मोडते."

सुनंदा आपटे बँकेतून निवृत्त झालेल्या होत्या. नोकरीतली शेवटची बरीच वर्षं त्या विभागीय कार्यालयाच्या कॉम्प्युटर खात्यात होत्या. पण त्यांचं काम म्हणजे शाखांचे फोन घ्यायचे, तक्रार लिहायची आणि दुरुस्तीच्या कंपनीला कळवायचं. "आयुष्यभर मी फोन उचलले," त्या म्हणायच्या, "पण एकदाही डबा उघडला नाही. इंजिनियर यायचा, त्या डब्यांच्या कपाटापाशी आमच्याकडे पाठ करून उभा राहायचा, आणि म्हणायचा, मैडम, हो गया. काय हो गया ते विचारलं की हसायचा. निवृत्त झाले त्या दिवशी ठरवलं, आता ते कपाट घरी आणायचं."

आणि त्यांनी ते खरंच आणलं. कॉम्प्युटर बाजारातून जुने स्विच, एक राउटर, कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला एक ठेंगणा कॉम्प्युटर. त्या एका कॉम्प्युटरच्या पोटात त्यांनी चार खोटे कॉम्प्युटर चालवायला शिकून घेतलं होतं. हे सगळं मागच्या खोलीत चपला ठेवायच्या लोखंडी स्टँडवर मांडलेलं होतं. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं. वरच्या कप्प्यात 'हेड ऑफिस', त्याखाली तीन शाखा: 'अलीगंज', 'वृंदावन योजना', 'बख्शी का तालाब'. आणि अगदी तळाच्या कप्प्यात एक तुटक्या बिजागरीचा लॅपटॉप, त्याच्यावर लिहिलेलं होतं, 'चोर'.

चोराचं काम हल्ला करण्याचं. तो शाखांमध्ये शिरायचा प्रयत्न करायचा आणि मी राखणदार उभे करून त्याला अडवायचं. त्याबाबतीत काकूंचा एक नियम कडक होता. "चोर घरात आणायचा, पण कोंडून ठेवायचा. आपल्या या बँकेची एकसुद्धा वायर घरच्या नेटला लागता कामा नये. खाली सक्सेना आंटी, वर आपण, सगळ्यांचं एकच कनेक्शन आहे. खेळ तो खेळ, पण दुसऱ्याच्या अंगणात नाही."

आपटे काका वनस्पतिशास्त्रज्ञ. ते या खोलीला गिरणी म्हणायचे, कारण जुन्या पंख्यांची घरघर दारापर्यंत ऐकू यायची. मी आले की ते दारातच स्वागत करायचे, "या. तुमच्या बँकेपायी माझ्या चपला बेघर झाल्यात. तुमच्या तुम्ही हातात घेऊनच आत या."

सुरुवातीचे कितीतरी रविवार मला एकही खोडी सापडली नाही. पोहे गार व्हायचे. मी स्टँडसमोर उभी राहून घाबरून जायचे. सगळंच बंद पडलंय असं वाटायचं. काकू हातातली बशी टेबलावर ठेवायच्या आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहायच्या.

"सगळं कधीच बंद पडत नसतं गं. आधी काय चालू आहे ते शोध. वृंदावन योजना चालतेय? चालतेय ना? मग हेड ऑफिस जिवंत आहे. म्हणजे अर्धी वाट मोकळी झाली. आता उरलेल्या अर्ध्या वाटेवर चाल."

आणखी एक गोष्ट त्यांनी मला पुन्हा पुन्हा ऐकवली. "माणूस बिघाड सांगत नाही, त्रास सांगतो. तो म्हणेल, पब्लिक खड़ी है. तो म्हणेल, हमने कुछ नहीं किया. त्याच्यावर चिडायचं नाही. त्याचा त्रास ऐकायचा आणि त्यातून बिघाड आपण वेगळा करायचा. म्हणून मी तुला फोन करते. नाहीतर काय, मला नाटकाची हौस आहे?"

"आहेच," काका बाहेरून म्हणायचे.

तोवर कॉलेजात एक कंपनी येऊन गेली होती. दुसऱ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर रात्रंदिवस नजर ठेवायचं काम ती करते. मुलाखतीत मला सोपासाच प्रश्न विचारला होता आणि मला उत्तर येत होतं. पण मी मनात नीट वाक्य जुळवत राहिले. पहिला शब्द हिंदी की इंग्रजी, इथपासून. तेवढ्यात त्यांनी "ओके, थैंक यू" म्हटलं. सरांनी मध्यस्थी केली तेव्हा कंपनीने एवढंच सांगितलं, की वसंतात आम्ही पुन्हा येणार आहोत, तोपर्यंत हिने सुरक्षेची परीक्षा पास करून दाखवावी, मग पुन्हा बोलावू.

काकूंना हे सांगताना मला रडू आलं. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तू उत्तर शिजवत बसतेस. तो भुकेला माणूस समोर बसलाय, आणि तुझं आपलं मीठ-मसाला चाललाय. कच्चं वाढ. मीठ मागाहून घालता येतं."

मग म्हणाल्या, "आणि वेळही कमी आहे, ते पण ऐकून घे. होळी झाली की आम्ही पुण्याला चाललो. कायमचे. लेकीनं तिच्या शेजारचीच जागा बघितली आहे. ही बँक उठायच्या आत तू पास व्हायचं."

माझ्याकडे घरी एक जुना लॅपटॉप, तोही कॉलेजकडून मिळालेला. त्या खोलीतली ती घरघर बंद झाली की माझा अभ्यासही बंद पडेल, याची मला खात्रीच होती.

एकदा थंडीत संध्याकाळी धुकं फार दाटलं, म्हणून आण्णा मला न्यायला आले. काकूंनी त्यांना दारातून परत जाऊ दिलं नाही. चहा दिला आणि मला म्हणाल्या, "सांग तुझ्या आण्णांना, तू काय करतेस ते."

आण्णा संकोचून उभेच होते. "राहू द्या मॅडम. मला काय कळायचं त्यातलं. पाहुणे विचारतात, पोरगी काय शिकते. मी म्हणतो, कॉम्प्युटर. तेवढ्यावर भागवतो."

"तेवढ्यावर नाही भागणार. सांग गं."

मी अडखळत सांगितलं, की लोकांच्या धंद्यात कॉम्प्युटरच्या वाटेने चोर शिरू नये म्हणून राखण करायची.

"म्हणजे गुरख्यासारखं?" आण्णांनी विचारलं.

"गुरखा दारात उभा राहतो," काकू म्हणाल्या. "ही चोर कुठून शिरेल ते आधी स्वतः शिरून बघते."

आण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे चोरी शिकतीस व्हय गं?"

काकू इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. आण्णाही हसले. परत जाताना स्कूटरवर मात्र ते गंभीरपणे म्हणाले, "बाई चांगल्या आहेत. पण त्या खालच्या कप्प्यातल्या लॅपटॉपावर लिहिलंय ते खोडायला सांग. पोलीस आले तर?"

आता एका रविवाराबद्दल सांगते. तोही थंडीतलाच. गॅलरीत मला गल्लीचं टोकही दिसत नव्हतं. काकूंची हाक आली, मी आत गेले, फोनचं नाटक झालं. मी वृंदावन योजनेची वायर तपासायला घेतली आणि खालून सक्सेना आंटींचा आवाज आला.

"आपटे भाभी! आपके यहाँ नेट आ रहा है क्या? बहू की क्लास बीच में रुक गई!"

आंटींची सून रविवारी घरातून मुलांची ऑनलाइन शिकवणी घ्यायची. काकूंनी आपला मोबाइल बघितला. नेट नव्हतं. काका त्यांच्या खोलीतून आले, त्यांचंही बंद. काकूंनी ताबडतोब इंटरनेट कंपनीला फोन लावला. या वेळी खरा फोन.

"हलो! देखिए, हमारे यहाँ नेट बंद है। ... नहीं, हमने कुछ नहीं किया। ... अरे भैया, हमने किसी चीज़ को हाथ तक नहीं लगाया! यहाँ बच्चों की क्लास रुकी पड़ी है, और आप हमसे पूछ रहे हैं बत्ती लाल है कि हरी?"

मी स्टँडपाशी उभी होते. फोनमधला कंपनीच्या पोराचा आवाज बाहेरही ऐकू येत होता. काका शांतपणे म्हणाले, "अगं, बंद करून चालू करून बघायला सांगतोय तो," आणि त्यांनी आपला मोबाइल बंद करून चालू केला. तरी नेट नाही. पण मला काहीतरी सुचलं. मी माझाही मोबाइल घरच्या वायफायला पुन्हा जोडून बघितला. प्रत्येक यंत्राला नेटवर्कमध्ये शिरताना एक आकड्यांचा पत्ता मिळतो. घरात पत्ते वाटणारा एकच असावा लागतो. दोघेजण वाटू लागले की गोंधळ होतो. माझ्या मोबाइलला जो पत्ता मिळाला होता, तो या घरचा नव्हता. तो आमच्या बँकेचा होता. चपलांच्या स्टँडवरचं हेड ऑफिस अख्ख्या इमारतीला पत्ते वाटत होतं, आणि त्या पत्त्यावरून बाहेर जायला वाटच नव्हती. जे यंत्र पत्ता मागायला जाईल, ते आमच्या कोंडवाड्यात येऊन पडत होतं.

मी वायरीमागे बोट फिरवत गेले. घरचा राउटर काकांनी आदल्या दिवशी चार्जरला जागा हवी म्हणून त्याच स्टँडवर सरकवून ठेवला होता. खोडी करायच्या घाईत काकूंनी एका शाखेची वायर काढून शेजारच्या डब्यात खुपसली होती, आणि तो शेजारचा डबा घरचा होता.

मला दिसत होतं. पण सांगायचं कसं? काकूंनी स्वतःचाच नियम मोडला होता. त्या माझ्यापेक्षा वयाने, मानाने मोठ्या. शिवाय फोनवर त्या पोराला चांगलंच झापत होत्या. मी वाक्य जुळवायला लागले. "काकू, मला असं वाटतं की कदाचित..." खाली आंटींचा आवाज पुन्हा आला, "बच्चे लोग इंतज़ार कर रहे हैं, भाभी!" आणि माझ्या तोंडून कच्चंच बाहेर पडलं.

"काकू, तुम्ही बख्शी का तालाबचे मॅनेजर झालायत."

काकूंचा मोबाइल कानाला तसाच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझं बोट ज्या वायरीवर होतं तिच्याकडे पाहिलं. काकांनी तोंडावर रुमाल धरला.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. मग मोबाइलमध्ये म्हणाल्या, "भैया, सुनिए। माफ़ कीजिएगा। गलती हमारी है। आपका सब ठीक चल रहा है।" पलीकडच्या पोराला बहुधा हे वाक्य नोकरीत पहिल्यांदाच ऐकायला मिळालं असावं. तो इतका गडबडला, की त्यालाच दोनदा समजावून सांगावं लागलं.

मी वायर काढली. काकू शाल गुंडाळून खाली निघाल्या. मी म्हटलं, "आलंय ना आता नेट. सांगायची काय गरज आहे?" त्या जिन्यात थांबल्या. "आंटी आता कंपनीवाल्याला आठवडाभर शिव्या देतील. त्या त्याच्या नाहीत, माझ्या आहेत. मला घेऊन येऊ दे." खाली जाऊन त्यांनी आंटींना आणि त्यांच्या सुनेला सगळं सांगितलं. वर आल्या तेव्हा हातात आंटींनी दिलेलं गाजर हलव्याचं वाडगं होतं. "लखनौ आहे हे," त्या म्हणाल्या. "इथे शिव्यासुद्धा वाडग्यातून देतात. म्हणाल्या, भाभी, अगली बार बैंक लूटें तो हमें भी हिस्सा दीजिएगा."

मग खुर्चीत बसल्या आणि मी काढलेली ती वायर बोटांभोवती गुंडाळत राहिल्या. मला वाटलं, रागावल्या. मी बॅग उचलली.

"बस," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी त्या लोकांचे फोन घेतले. मनात म्हणायचे, खोटं बोलतात मेले, हात लावल्याशिवाय बिघडतं का? आज कळलं, ते खोटं नव्हते बोलत. माणसाला खरंच वाटत असतं, आपण काही केलं नाही." मग एकदम माझ्याकडे वळल्या. "आणि तू! दिसलं तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलत होता..."

"मी चुकत होते. चुकणाऱ्याला थांबवायला मुहूर्त लागत नाही. पुढच्या रविवारपासून मी गॅलरीत. तू मोड, मी शोधते. आणि तू फोन करायचास. चांगला तावातावाने. जमेल?"

पहिल्यांदा मला जमलं नाही. मी अंगठा कानाला लावून म्हणाले, "हलो, थोड़ी प्रॉब्लम है," तर काकू म्हणाल्या, "एवढ्या गोडीने बोललीस तर मी जेवून झाल्यावर बघेन. भांड माझ्याशी!" मग हळूहळू मी भांडायला शिकले. फोनवर मी कधी पेन्शनवाले म्हातारे बाबूजी झाले, कधी लग्नाच्या गडबडीतली कॅशियर झाले, एकदा तर सक्सेना आंटी झाले. आणि काकूंसाठी खोडी करायची म्हणजे मला आधी ते नीट कळावं लागायचं. जे कळलेलं नाही ते मोडता येत नाही, निदान मुद्दाम तरी नाही. माझा खरा अभ्यास त्या रविवारांत झाला असं मला वाटतं. कधीकधी पोहे मी करायचे. ते बिघडायचे, पण तो बिघाड काकू लगेच शोधायच्या.

परीक्षा होळीच्या थोडी आधी झाली. निकाल तिथेच पडद्यावर आला. पास. मी बाहेर येऊन आधी आण्णांना फोन केला, मग काकूंना. काकू म्हणाल्या, "अच्छा. आता मुलाखत. तिथे पडद्यावर उत्तरं निवडायची नाहीत, तोंड उघडायचंय."

मुलाखतीला गोमतीनगरच्या एका मोठ्या इमारतीत गेले. समोर तिघे होते. मधल्या सरांनी मागच्या वेळेसारखाच प्रश्न टाकला. एका ऑफिसमधून तक्रार आली आहे, नेट बंद आहे, तुम क्या करोगी?

वाक्य जुळायच्या आत मी बोलले. "सर, फ़ोन किसका आया था? और उन्होंने कहा क्या, उनके शब्दों में?"

सर जरा चमकले. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "बस, चल नहीं रहा है।"

"सिर्फ़ आपका, या बग़ल वाले का भी?"

"बग़ल वाले का चल रहा है।"

"फिर तो आधा रास्ता ठीक है, सर।"

मग आम्ही बराच वेळ तो खोटा बिघाड शोधत राहिलो. एका ठिकाणी मला पुढचं माहीत नव्हतं. तेव्हा मी तसंच सांगितलं, की हे मला येत नाही, पण मी अमुक जागी बघेन. शेवटी त्यांनी विचारलं, पहले कहाँ काम किया है? मी म्हटलं, कहीं नहीं सर, एक आंटी के घर पर. तिघेही हसले. पण ते हसणं मला लागलं नाही. चार दिवसांनी कॉलेजात निरोप आला, प्रशिक्षणार्थी म्हणून माझी निवड झाली होती.

मी पेढे घेऊन अलीगंजला गेले तेव्हा घरभर खोकी होती. होळीचा गुलाल अजून जिन्याच्या कोपऱ्यात होता. काकूंनी पेढा खाल्ला, मला जवळ घेतलं आणि लगेच मागच्या खोलीत कामाला लागल्या. त्या वायरी गुंडाळत होत्या, मी डबे पुसत होते. काका शेजारी बसून जाड पेनाने खोक्यांवर नावं घालत होते. माझ्या मनात एक होतंच.

"तुला वाटलं असेल, काकू हे सगळं तुला देऊन जाणार," काकू म्हणाल्या.

"नाही काकू, तसं काही..."

"खोटं बोलू नकोस, मला वाटलं असतं. पण नाही देणार. मलाही परीक्षेला बसायचंय. तू पास झालीस तर वाटलं होतं माझं पोट भरेल. कुठलं काय, भूकच वाढली." त्यांनी गुंडाळलेली वायर खोक्यात टाकली. "आणि दुसरं म्हणजे, ही मांडामांड माझी आहे. ती तू घेऊन गेलीस तर माझीच धूळ पुसत बसशील. तुझं तू उभं कर. एकच डबा आण, पण कुठली वायर कुठे आणि का, ते तुझं तुला ठाऊक असलं पाहिजे."

मला वाईट वाटलं, हे खरं आहे. स्टेशनवर त्यांना सोडून परत येतानाही थोडं वाटत होतं. पण आश्चर्य म्हणजे भीती नव्हती वाटत.

काकू पुण्यात परीक्षेला बसल्या आणि नापास झाल्या. स्वतःच फोन करून सांगितलं. "राहिले गं थोडक्यात. पुन्हा बसणार आहे. काका म्हणतात, या वयात कशाला. मी म्हटलं, या वयात दुसरं कोण मला नापास करणार? हे काय कमी आहे?" आता रविवारी त्या मला शंका विचारतात. मी ऑफिसात पाहिलेल्या गोष्टी, सांगण्यासारख्या असतील तेवढ्या, त्यांना सांगते.

गेल्या महिन्यात मी बाजारातून एक जुना स्विच आणला. आण्णांनी आमच्या वरच्या खोलीतली एक फळी रिकामी करून दिली, स्वतः खिळे ठोकून. पहिली वायर लावताना काकूंना व्हिडिओ कॉल केला आणि मोबाइल आईच्या हातात दिला. वायर लावली. त्या जागेजवळचा बारीक दिवा केशरी लागला आणि तसाच राहिला. काही जुन्या स्विचना वेळ लागतो. वाट मोकळी आहे ना, याची खात्री करूनच ते दार उघडतात, आणि मग दिवा हिरवा होतो. हे मला माहीत होतं, पण आण्णांना माहीत नव्हतं. ते भट्टीसमोर बसतात तसे मांडी घालून त्या दिव्यासमोर बसले होते. सोनं उतरवायची वेळ झाली की नाही, हे त्यांनी जन्मभर नुसत्या रंगावरून ओळखलंय. तशीच त्यांची नजर आता तिथे लागली होती.

"काय झालं?" पुण्याहून काकू ओरडत होत्या. "मला काही दिसत नाहीये! लागलं का? हिरवा झाला का?"

आण्णांनी दिव्यावरची नजर न हलवता हात वर केला.

"थांबा मॅडम," ते म्हणाले. "घाई नाही करायची. रंग बदलायला लागलाय."